एचआयव्ही, आपली जनुके आणि औषधे : एचएलए-बी*५७:०१ च्या निमित्ताने चर्चा

पारिजात (धागालेखक)

एचआयव्हीची लागण झालेल्या दोन व्यक्तींमध्ये आजार एकाच गतीने वाढत नाही, ही गोष्ट साथीच्या पहिल्या दशकातच डॉक्टरांच्या लक्षात आली होती. उपचार न घेतल्यास लागणीपासून एड्सच्या अवस्थेपर्यंत पोहोचायला सरासरी दहा वर्षे लागतात. काहींच्या बाबतीत मात्र हा काळ दोन-तीन वर्षांचाच ठरतो, तर काही मोजक्या व्यक्ती पंधरा-वीस वर्षे औषधांशिवाय बऱ्यापैकी निरोगी राहतात. शंभरात एकाहूनही कमी बाधितांच्या रक्तात तर औषधे न घेताही विषाणू नेहमीच्या चाचणीत सापडत नाही. या फरकाची काही कारणे विषाणूमध्ये, काही वयात आणि इतर आजारांत, तर काही माणसाच्या जनुकांत असतात. हा धागा या शेवटच्या कारणाविषयी आहे.

मराठीत या विषयावर जे लिहिले जाते ते बहुतेक वेळा सीसीआर५ या, विषाणूला पेशीत शिरायला लागणाऱ्या प्रथिनाच्या जनुकापाशी सुरू होते आणि मूलपेशी-प्रत्यारोपणानंतर एचआयव्हीतून मुक्त झालेल्या बर्लिनच्या रुग्णापाशी संपते. ती हकीकत विलक्षण आहेच, पण जनुकीय वैविध्याच्या अभ्यासामुळे सामान्य रुग्णाच्या हातातील गोळी खरोखर बदलली ती औषधांच्या दुष्परिणामांच्या बाबतीत, असे माझे मत आहे. शिवाय हे ज्ञान ज्या लोकसमूहात मिळवले गेले त्याच्याबाहेर ते जसेच्या तसे लागू पडत नाही, आणि भारतीय वाचकाने याकडे विशेष लक्ष द्यायला हवे. म्हणून मी सुरुवात मुद्दाम एका कमी प्रसिद्ध जनुकापासून करतो.

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर एचएलए नावाची प्रथिने असतात. पेशीच्या आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे लहान तुकडे ही एचएलए प्रथिने आपल्या खोबणीत धरून बाहेर मांडतात आणि रोगप्रतिकारक यंत्रणेच्या सीडी८ पेशी ते तपासतात. तुकडा विषाणूचा निघाला, तर ती पेशी नष्ट केली जाते. कोणते तुकडे मांडता येतील हे खोबणीच्या आकारावर अवलंबून असते, आणि हा आकार माणसागणिक बदलतो, कारण एचएलए-बी या एकाच जनुकाचे हजारो प्रकार आजवर नोंदले गेले आहेत. त्यांपैकी बी*५७ आणि बी*२७ असलेल्यांमध्ये एचआयव्ही सावकाश वाढतो, तर बी*३५ चे काही उपप्रकार असलेल्यांमध्ये तो झपाट्याने वाढतो. २००७ मध्ये झाक फेले आणि सहकाऱ्यांनी बाधितांचा संपूर्ण जनुकसंच चाळून व्हायरल लोडवर, म्हणजे रक्तातील विषाणूच्या प्रमाणावर, परिणाम करणाऱ्या जागा शोधल्या, तेव्हा सर्वांत ठळक खूण बी*५७ च्याच बी*५७:०१ या उपप्रकाराशी जोडलेली निघाली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने पुढचे पाऊल टाकले. औषधांशिवाय विषाणू आटोक्यात ठेवणारे आणि तसे न ठेवू शकणारे यांच्यातील मुख्य फरक एचएलए-बीच्या खोबणीतील मोजक्या अमिनो आम्लांत आहे, असे त्याने दाखवले.

बी*५७ चे बळ नेमके कशात आहे, हेही बऱ्यापैकी उलगडले आहे. हा प्रकार विषाणूच्या आतल्या कवचाच्या प्रथिनातील असे तुकडे मांडतो, की ज्यांत बदल करणे विषाणूला महागात पडते. सीडी८ पेशींना चुकवण्यासाठी विषाणू त्या जागी बदल करतो खरा, पण त्या बदलामुळे त्याची स्वतःची वाढ मंदावते. असा बदललेला विषाणू बी*५७ नसलेल्या दुसऱ्या व्यक्तीकडे गेला, तर तो बदल बहुधा टाकून देऊन पूर्वरूपावर येतो. ज्या व्यक्तीने त्याला वाकायला लावले तिच्या शरीराबाहेर पडताच तो पुन्हा सरळ होतो, यावरून त्या बदलाची किंमत विषाणूला किती जड जात असावी, हे लक्षात येते.

आता याच प्रकाराची दुसरी बाजू पाहू. अबॅकाव्हिर हे एचआयव्हीवरील जुने आणि चांगले औषध आहे. परंतु ते सुरू केल्यावर पहिल्या सहा आठवड्यांत, बहुतेक वेळा दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, पाच ते आठ टक्के रुग्णांना ताप, अंगावर पुरळ, उलट्या-जुलाब, खोकला किंवा दम लागणे अशी एकत्रित लक्षणे दिसू लागत. औषध थांबवले की ती ओसरत. मात्र तेच औषध पुन्हा दिले, तर काही तासांत रक्तदाब कोसळून मृत्यूही ओढवू शकत असे. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील सायमन मलाल यांच्या गटाने ही तीव्र प्रतिक्रिया एचएलए-बी*५७:०१ असलेल्यांमध्येच एकवटलेली असल्याचे दाखवले. २००८ मध्ये प्रेडिक्ट-१ या १९ देशांतील १,९५६ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. आधी जनुक तपासून बी*५७:०१ असलेल्यांना हे औषध न दिलेल्या गटात त्वचा-चाचणीने सिद्ध झालेली एकही प्रतिक्रिया आढळली नाही. न तपासलेल्या गटात ती २.७ टक्के रुग्णांमध्ये आढळली. औषध देण्यापूर्वी जनुकीय चाचणी करावी, हे इतक्या स्वच्छ पुराव्याने सिद्ध झाल्याची उदाहरणे संपूर्ण वैद्यकशास्त्रात फार थोडी आहेत.

२०१२ मध्ये यामागील यंत्रणाही समजली. अबॅकाव्हिरचा रेणू बी*५७:०१ च्या खोबणीच्या तळाशी जाऊन बसतो, त्यामुळे खोबणीत वेगळेच तुकडे बसू लागतात आणि स्वतःच्याच पेशी सीडी८ पेशींना परक्या वाटू लागतात. म्हणजे ज्या खोबणीमुळे विषाणू आटोक्यात राहतो, तीच या एका औषधासमोर घातक ठरते. बी*५७:०१ असलेल्या सर्वांनाच प्रतिक्रिया येते असे मात्र नाही. ती साधारण निम्म्यांना येते आणि उरलेल्यांना का येत नाही, यावर अजून काम चालू आहे.

जाणकारांनी भर घालावी आणि वाचकांनी निःसंकोच प्रश्न विचारावेत, ही विनंती.


वेधक

लेख आवडला. एक व्यावहारिक प्रश्न विचारतो. माझ्या परिचयातील एका गृहस्थांनी परदेशी कंपनीकडून लाळेची जनुकीय तपासणी करून घेतली असून त्यांच्या अहवालात सीसीआर५ चा तो प्रसिद्ध बदल एका प्रतीत असल्याचे म्हटले आहे. आता आपल्याला एचआयव्ही होणारच नाही, असे ते गंभीरपणे सांगतात. यात कितपत तथ्य आहे? आणि भारतीय माणसात हा बदल मुळात सापडतो का?


पारिजात

वेधक, सीसीआर५ टाळून चालणार नाही हे मला दिसत होतेच. आपल्या परिचितांना कृपया स्पष्ट सांगावे, की एका प्रतीतील बदलाने लागणीपासून संरक्षण मिळते असे मानण्यास आधार नाही.

एचआयव्ही पेशीत शिरताना आधी सीडी४ या प्रथिनाला चिकटतो, पण तेवढ्याने त्याला आत जाता येत नाही. वरची कडी निघाली तरी खालची लागलेली असावी तसे ते असते, आणि खालची कडी म्हणजे बहुतेक वेळा सीसीआर५. १९९६ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी या जनुकातील ३२ अक्षरांची तूट शोधून काढली. दोन्ही प्रतींत ही तूट असेल, तर सीसीआर५ पेशीच्या पृष्ठभागावर येतच नाही आणि अशा व्यक्तीला लागण होणे अत्यंत दुर्मीळ होते. दुर्मीळ म्हणजे अशक्य नव्हे, कारण सीएक्ससीआर४ या दुसऱ्या मार्गाने शिरणारे विषाणूही असतात आणि दोन्ही प्रतींत तूट असूनही लागण झालेल्या काही व्यक्तींची नोंद आहे. एकाच प्रतीत तूट असलेल्यांना लागण होते. त्यांच्यात आजार उपचारांविना सरासरी एक-दोन वर्षे उशिरा बळावतो, एवढेच.

उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण शंभरात एकाकडे दोन्ही प्रतींतील तूट आढळते. दक्षिणेकडे जावे तसे हे प्रमाण घटते. आफ्रिका आणि पूर्व आशियाच्या मूळ रहिवाशांत ती जवळजवळ नाही आणि भारतातही ती तुरळकच आढळते. एचआयव्ही माणसात येऊन जेमतेम शतक झाले आहे आणि ही तूट त्याहून कितीतरी जुनी आहे. त्यामुळे ती एचआयव्हीमुळे टिकली असण्याची शक्यता नाही. प्लेग किंवा देवीच्या साथींमुळे ती पसरली असावी, असे तर्क मांडले गेले आहेत, पण त्यांपैकी एकही सर्वमान्य झालेला नाही.

बर्लिनच्या रुग्णाविषयी थोडक्यात सांगतो. टिमथी रे ब्राउन यांना रक्ताचा कर्करोग झाला होता. २००७ मध्ये बर्लिनच्या शारिते रुग्णालयात गेरो ह्यूटर यांनी मूलपेशी-प्रत्यारोपणासाठी मुद्दाम दोन्ही प्रतींत तूट असलेला दाता निवडला. कर्करोग उलटल्यामुळे २००८ मध्ये पुन्हा त्याच दात्याच्या पेशी द्याव्या लागल्या. एचआयव्हीची औषधे बंद करूनही विषाणू परतला नाही. २०२० मध्ये ब्राउन यांचे निधन झाले ते कर्करोग उलटल्यामुळे. पुढे लंडनमध्ये ॲडम कास्टिलेहो आणि नंतर ड्युसेलडॉर्फमधील एका रुग्णाच्या बाबतीत असेच घडले. मात्र २०२३ मध्ये जाहीर झालेल्या जिनिव्हाच्या रुग्णाच्या दात्याकडे ही तूट नव्हती, तरीही औषधे थांबवल्यावर विषाणू परतला नाही. त्यामुळे बरे होण्याचे सारे श्रेय एकट्या सीसीआर५ ला देता येत नाही. दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या जुन्या रोगप्रतिकारक पेशी नष्ट करणे, हाही त्यातील मोठा भाग असावा. असे प्रत्यारोपण कर्करोगाने मरणाच्या दारात असलेल्यांसाठी आहे. रोज एक गोळी घेऊन जवळजवळ सर्वसामान्य आयुष्य जगणाऱ्या रुग्णावर हा धोका लादणे योग्य ठरत नाही.

शेन्झेनच्या ह च्यानक्वे यांनी २०१८ मध्ये गर्भातच सीसीआर५ बदललेल्या जुळ्या मुली जन्मल्याचे जाहीर केले, तेव्हा जगभरातून निषेध झाला आणि २०१९ च्या अखेरीस त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. निषेधामागे नीतीबरोबर शास्त्रही होते. त्या मुलींमध्ये झालेले बदल निसर्गात आढळणाऱ्या तुटीसारखे नव्हतेच. शिवाय सीसीआर५ हे निरुपयोगी प्रथिन नाही. दोन्ही प्रतींत तूट असलेल्यांमध्ये वेस्ट नाइल विषाणूचा आजार गंभीर होण्याची शक्यता अधिक असते.

या जनुकाने खरा उपयोग दिला तो औषधाच्या रूपाने. सीसीआर५ ला अडवणारे माराव्हिरॉक २००७ मध्ये अमेरिकेत मान्यता पावले. ते देण्यापूर्वी रुग्णाच्या शरीरातील विषाणू कोणता मार्ग वापरतो हे तपासावे लागते. भारतात प्रामुख्याने आढळणारा विषाणूचा सी उपप्रकार शेवटच्या अवस्थेपर्यंत बहुतांशी सीसीआर५ वरच अवलंबून राहतो, ही त्यातल्या त्यात आपल्याकडची लक्षणीय बाब.


सागरतीर

मी दक्षिण आफ्रिकेत औषधनिर्माण क्षेत्रात काम करतो. धाग्यात युरोपीय पुराव्यावर भर आहे म्हणून इथली बाजू मांडतो.

डर्बन आणि आसपासच्या रुग्णांवर आधारलेल्या २००४ च्या मोठ्या अभ्यासानेच एचएलए-ए आणि एचएलए-सी यांच्या तुलनेत एचएलए-बीचा प्रभाव सर्वाधिक आहे हे पहिल्यांदा ठामपणे दाखवले. इथे संरक्षण देणारा प्रकार युरोपातील बी*५७:०१ हा नाही, तर त्याचा जवळचा नातलग बी*५७:०३ आहे. बी*५८:०१ देखील संरक्षक आहे, पण त्याच्याशी अगदी थोडा फरक असलेला बी*५८:०२ मात्र आजार वेगाने वाढवतो. नावातील एका अंकाचा फरक आणि परिणाम उलटा. अबॅकाव्हिरला प्रतिक्रिया देणारा बी*५७:०१ इथल्या कृष्णवर्णीय लोकसंख्येत फारच विरळा असल्यामुळे इथे मुलांना अबॅकाव्हिर मोठ्या प्रमाणावर दिले जाते आणि तीव्र प्रतिक्रिया क्वचितच दिसतात.

याहून मला महत्त्वाचे वाटते ते असे, की जनुकाने मिळणारे संरक्षण कायमचे नसते. जपानमध्ये एचएलए-बी*५१ हा प्रकार खूप लोकांत आहे. साथीच्या सुरुवातीच्या काळात तो तिथे संरक्षक होता. पण त्याला चुकवणारा विषाणूतील बदल लोकसंख्येत इतका पसरला, की नव्याने लागण होणाऱ्यांना तो आधीच बदललेला विषाणू मिळू लागला आणि बी*५१ चा फायदा नाहीसा झाला. २००९ च्या अभ्यासातील हे निरीक्षण आहे. बोट्स्वानात साथ दक्षिण आफ्रिकेपेक्षा आधी पसरली होती. तिथे बी*५७ चे संरक्षण डर्बनच्या तुलनेत उरलेले नाही, असे २०१४ मध्ये दिसून आले. त्याचबरोबर तिथल्या विषाणूची वाढण्याची क्षमताही कमी झालेली होती, म्हणजे चुकवाचुकवीची किंमत विषाणूने मोजली होती. एखाद्या जनुकाला संरक्षक म्हणताना कोणत्या लोकसंख्येत आणि साथीच्या कोणत्या टप्प्यावर, हे जोडूनच सांगावे लागते.


आकडेमोड

सागरतीर यांचा शेवटचा मुद्दा संख्याशास्त्राच्या बाजूने पुढे नेतो. १९९६ नंतरच्या दशकात एचआयव्हीची गती ठरवणारी डझनावारी जनुके जाहीर झाली आणि त्यांतील बरीचशी पुढच्या तपासणीत टिकली नाहीत. सीसीएल३एल१ या जनुकाच्या जास्त प्रती असलेल्यांना लागण कमी होते, असा निष्कर्ष २००५ मध्ये खूप गाजला. काही वर्षांतच इतर गटांना तो पुन्हा मिळेना आणि प्रती मोजण्याच्या पद्धतीतच दोष असल्याची टीका झाली. आफ्रिकेत सर्रास आढळणाऱ्या डफी-अभाव या रक्तगट-वैशिष्ट्याविषयीचा २००८ मधील दावाही असाच वादात सापडला. तिथे वंशसमूहांच्या मिश्रणामुळे येणारी दिशाभूल पुरेशी वगळली गेली नव्हती, असा मुख्य आक्षेप होता.

याची कारणे तीच नेहमीची आहेत. नमुने लहान असतात, एकाच वेळी अनेक जनुके तपासून जे जुळेल ते छापले जाते आणि जे रुग्ण दीर्घकाळ जगले तेच अभ्यासात सापडतात, लवकर गेलेले सापडत नाहीत. हजारो रुग्णांचा संपूर्ण जनुकसंच चाळणारे अभ्यास सुरू झाल्यावर ठामपणे उभ्या राहिल्या त्या जागा दोनच, एचएलए आणि सीसीआर५. २०१५ च्या एका मोठ्या विश्लेषणानुसार युरोपीय वंशाच्या लोकांत व्हायरल लोडमधील फरकापैकी सुमारे २५ टक्के भाग माणसाच्या जनुकांनी स्पष्ट होतो आणि त्यातील बहुतांश वाटा या दोन जागांचाच आहे. उरलेला मोठा भाग अर्थातच विषाणूची स्वतःची घडण, वय, लिंग, पोषण, क्षयरोगासारखे सहआजार यांचा आहे. विषाणूची घडण तर ज्याच्याकडून लागण झाली त्याच्याकडूनच येते.

आफ्रिकी वंशाच्या ३,८७९ व्यक्तींवरील अभ्यासात २०२३ मध्ये पहिल्या गुणसूत्रावर सीएचडी१एल या जनुकाजवळ एक नवी खूण सापडली. ती युरोपीय लोकांत जवळपास नाही, म्हणून आधीच्या सर्व अभ्यासांना ती दिसणे शक्यच नव्हते. दक्षिण आशियाई लोकांवर या आकाराचा अभ्यास झाला, तर तिथेही काही नवे सापडेल असे मानायला जागा आहे.


मंजिरी_समुपदेशक

मी पश्चिम महाराष्ट्रातील एका एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्रात बरीच वर्षे समुपदेशन करते. वरची चर्चा वाचताना मला आमच्याकडचे जुने रुग्ण आठवले. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि एफाविरेन्झ अशी एकत्र गोळी अनेक वर्षे आमच्याकडची पहिली निवड होती. तिच्याबाबत सर्वांत जास्त तक्रार चक्कर आणि स्वप्नांची असे. गोळी रात्री झोपताना घ्या, त्याआधी तेलकट जेवण टाळा, दोन-चार आठवड्यांत सवय होईल, असे आम्ही सांगत असू. बहुतेकांना सवय होत असे. काहींना मात्र महिनोन् महिने त्रास होत राही आणि त्यांतले काही जण कोणाला न सांगता गोळ्या सोडून देत. त्या वेळी आम्हा समुपदेशकांच्या प्रशिक्षणात हा त्रास मनाच्या भीतीशीच जोडला जाई. तो जनुकांचा भाग असू शकतो का, हे पारिजात यांनी सांगावे.


निनावी_वाचक

मंजिरीताई, मी त्या दुसऱ्या गटातला आहे. एफाविरेन्झ सुरू असताना सकाळी उठल्यावर दुपारपर्यंत डोके जड असे आणि रात्री इतकी भीतिदायक स्वप्ने पडत, की झोपायचीच धास्ती वाटे. गोळी मी सोडली नाही, पण कामावर लक्ष लागत नसे. नंतर डोल्युटेग्राव्हिर या नव्या औषधावर आल्यावर हे सारे थांबले, मात्र वजन वाढू लागले. दोन्हींचे कारण माझ्या शरीरातच असेल, तर ते जाणून घ्यायला आवडेल.


पारिजात

मंजिरीताई आणि निनावी_वाचक, आपल्या दोघांच्या प्रश्नांचे उत्तर बऱ्याच अंशी होकारार्थी आहे.

एफाविरेन्झचे विघटन यकृतातील सीवायपी२बी६ हे विकर करते. त्याच्या जनुकातील ५१६ व्या जागी जी ऐवजी टी हे अक्षर असेल, तर विकर कमी तयार होते. दोन्ही प्रतींत टी असणाऱ्या व्यक्तीच्या रक्तात त्याच ६०० मिलीग्रॅम गोळीने औषधाची पातळी इतरांच्या कितीतरी पट होते आणि चक्कर, स्वप्ने, उदासी हे मेंदूवरचे परिणाम वाढतात. २००४ मध्ये डेव्हिड हास यांच्या गटाने अमेरिकेत हे दाखवले. आफ्रिकी वंशाच्या रुग्णांना हा त्रास जास्त का होतो, याचे उत्तर त्यातून मिळाले, कारण त्यांच्यात हा बदल अधिक आढळतो. झिंबाब्वेने २०१५ च्या सुमारास एफाविरेन्झची गोळी सरसकट सुरू केली, तेव्हा तिथल्या सुमारे २० टक्के लोकांत हे औषध हळू विघटित होते, हे हरारेतील कॉलेन मसिमिरेम्ब्वा यांनी आधीच दाखवून दिलेले होते. धोरण ठरवताना ते विचारात घेतले गेले नाही आणि दुष्परिणामांच्या तक्रारी आल्या.

भारतीयांमध्येही हा बदल युरोपीयांपेक्षा अधिक आढळतो. २००९ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेतील गीता रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन घेणारे आणि न घेणारे एचआयव्हीबाधित यांच्यातील एफाविरेन्झची पातळी तपासली. रिफाम्पिसिनमुळे एफाविरेन्झ लवकर विघटित होते, म्हणून क्षयरोग असलेल्यांना ते ८०० मिलीग्रॅम द्यावे, असा सल्ला तेव्हा पाश्चात्त्य पुस्तकांत होता. चेन्नईत दिसले ते वेगळे. पातळी ठरवण्यात रिफाम्पिसिनपेक्षा सीवायपी२बी६ चा हा बदलच निर्णायक होता. परदेशी सल्ला तसाच उचलला असता, तर आधीच पातळी जास्त असलेल्यांना आणखी जास्त औषध मिळाले असते. क्षयरोग आणि एचआयव्ही एकत्र असणे ही आपल्याकडची रोजची परिस्थिती असल्यामुळे माझ्या दृष्टीने या विषयातील भारतीय संशोधनाचे हे सर्वांत उपयुक्त उदाहरण आहे.

मंजिरीताईंच्या अनुभवातील एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष वेधतो. हळू विघटन होणाऱ्या व्यक्तीने गोळी एकाएकी सोडली, तर टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन काही दिवसांत उतरतात, पण एफाविरेन्झ आठवडे-आठवडे रक्तात रेंगाळते. तेवढा काळ विषाणूसमोर एकटेच औषध उरते आणि त्याला दाद न देणारा विषाणू तयार होण्याचा धोका वाढतो. म्हणजे ज्यांना त्रास जास्त म्हणून ते गोळी सोडतात, त्यांच्यातच ती सोडण्याचा तोटाही जास्त असतो.

२०१४ च्या एन्कोर-१ चाचणीत ४०० मिलीग्रॅमची मात्रा ६०० इतकीच परिणामकारक ठरली. पुढे हळू विघटन करणाऱ्यांसाठी मात्रा ४०० किंवा २०० वर आणावी, अशी शिफारसही प्रसिद्ध झाली. पण तोपर्यंत डोल्युटेग्राव्हिर येऊन ठेपले होते आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्यालाच पहिली पसंती दिली. जनुक तपासून मात्रा ठरवण्याचा एफाविरेन्झचा प्रश्न असा औषध बदलूनच निकालात निघाला.

आता वजनाचा मुद्दा. जोहान्सबर्गमधील ॲडव्हान्स चाचणीत डोल्युटेग्राव्हिरवरील रुग्णांचे वजन एफाविरेन्झवरील रुग्णांपेक्षा जास्त वाढलेले दिसले. नंतर सीवायपी२बी६ तपासून पाहिले असता, एफाविरेन्झ झपाट्याने विघटित करणाऱ्यांचे वजन डोल्युटेग्राव्हिर घेणाऱ्यांच्या जवळपास जात होते. वजन न वाढणारे होते ते मुख्यतः हळू विघटन करणारे. म्हणजे निदान काही अंशी डोल्युटेग्राव्हिर वजन वाढवते यापेक्षा एफाविरेन्झची जास्त पातळी वजन वाढू देत नव्हती, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. निनावी_वाचक, आपला अनुभव या चित्राशी चांगला जुळतो. वजन, साखर आणि रक्तदाब मात्र केंद्रावर नियमित तपासून घ्यावेत. कारण जुन्या औषधाचे असो वा नव्याचे, वाढलेल्या वजनाचे पुढचे परिणाम तेच असतात.


वेधक

सविस्तर उत्तरांबद्दल आभार. मग आज लागण झाल्याचे कळलेल्या व्यक्तीने उपचार सुरू करण्यापूर्वी जनुकीय चाचण्यांचा आग्रह धरावा का? आणि एखाद्याकडे बी*५७ असेल, तर त्याने औषधे उशिरा सुरू केली तरी चालतील का?


मंजिरी_समुपदेशक

वेधक, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्यात धोका आहे. औषधे उशिरा सुरू करू नयेत. सीडी४ (एचआयव्ही ज्यांत शिरतो त्या रोगप्रतिकारक पेशींची संख्या) चांगले असतानाच उपचार सुरू केल्याने गंभीर आजार आणि मृत्यू कमी होतात, हे २०१५ च्या स्टार्ट चाचणीत सिद्ध झाले. २०१७ पासून आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमातही सीडी४ किती आहे हे न पाहता प्रत्येक बाधिताला औषधे दिली जातात. जनुकांमुळे ज्यांचा आजार सावकाश वाढतो त्यांच्याही शरीरात विषाणूमुळे होणारा दाह चालूच असतो आणि त्यांच्याकडून जोडीदाराला लागणही होऊ शकते. औषधांनी व्हायरल लोड दबलेला राहिला, तर लैंगिक संबंधातून ती होत नाही.

पहिल्या प्रश्नाबाबत सांगायचे, तर सध्याच्या टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर या गोळीसाठी कोणत्याही जनुकीय चाचणीची गरज नसते. अबॅकाव्हिरचे तसे नाही. लहान मुलांना, तसेच टेनोफोविरने मूत्रपिंडावर परिणाम झालेल्या मोठ्यांना ते दिले जाते. बी*५७:०१ भारतातील काही समूहांत युरोपीयांइतका किंवा त्याहूनही अधिक आढळतो. सरकारी केंद्रांवर ही चाचणी सरसकट होत नाही, खासगी प्रयोगशाळांत ती करून मिळते, आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी ती जरूर करावी. ज्यांना शक्य नाही त्यांच्या पालकांना आम्ही पहिल्या सहा आठवड्यांची लक्षणे नीट समजावून सांगतो. ताप आणि पुरळ यांच्यासोबत उलट्या किंवा दम लागणे सुरू झाले आणि प्रत्येक मात्रेनंतर ते वाढत गेले, तर लगेच केंद्रावर यावे. एकदा या कारणाने डॉक्टरांनी औषध थांबवले, की पुन्हा कधीही, कोणाच्याही सांगण्यावरून ते घेऊ नये. हे आम्ही रुग्णाच्या पुस्तिकेवर लाल शाईने लिहितो, कारण गावातल्या दुसऱ्या डॉक्टरांना पूर्वीची हकीकत माहीत नसते.

आणखी दोन गोष्टी आमच्या रोजच्या कामातल्या आहेत. सल्फाची ॲलर्जी असलेल्या रुग्णाला इतर संसर्ग टाळण्यासाठीच्या कोट्रायमोक्साझोल या सल्फायुक्त औषधाऐवजी डॅप्सोन द्यावे लागते. त्याआधी जी६पीडी या तांबड्या पेशींना जपणाऱ्या विकराची कमतरता तपासतात, कारण ती असल्यास डॅप्सोनने तांबड्या पेशी फुटून रक्त झपाट्याने कमी होते. पारशी आणि सिंधी समाजांत ही कमतरता तुलनेने अधिक आढळते, त्यामुळे मुंबईतील केंद्रांवर याचे भान विशेष ठेवावे लागते.

दुसरी गोष्ट क्षयरोग टाळण्यासाठी दिल्या जाणाऱ्या आयसोनियाझिडची. एनएटी२ या जनुकामुळे निम्म्याहून अधिक भारतीयांच्या शरीरात ते हळू विघटित होते आणि हातापायांना मुंग्या येण्याची शक्यता वाढते. इथे कोणी कोणाचे जनुक तपासत बसत नाही. हा प्रकार इतका सर्रास आहे, की आयसोनियाझिड सुरू होणाऱ्या प्रत्येक रुग्णाला त्यासोबत पायरिडॉक्सिनची, म्हणजे ब-६ जीवनसत्त्वाची, गोळी दिली जाते.